हानाविषयीचा अभिप्राय

पांढऱ्या साड्या पावसाळ्यात वाळत नाहीत. वाळल्या असं वाटतं, आपण घडी घालून कपाटात ठेवतो, आणि आठवड्याने उलगडली की आतून तो वास येतो: ओल्या भिंतीचा, बंद छत्रीचा, दप्तरात राहून गेलेल्या डब्याचा. आषाढी पौर्णिमेला मी विहारात नेसायची पांढरी साडी काढते, इस्त्रीची वाफ तोंडावर घेते, आणि मला हाना आठवते. चौदा वर्षं झाली. या चौदा वर्षांत मी तिच्याबद्दल कुणाशी खरं बोलले नाही. मुळात मी बोलणाऱ्यातली नाही. लोक त्याला सोशिकपणा म्हणतात. मीही म्हणू देते.

वर्षावास म्हणजे आम्हा बौद्धांचे पावसाळ्याचे तीन महिने, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे. पूर्वी या दिवसांत भिक्खू फिरणं थांबवून एका जागी राहत. आता आम्ही संसारी माणसं संध्याकाळी विहारात जमतो, एकजण ग्रंथ वाचतो, बाकीचे ऐकतात. वर्तकनगरच्या ज्या वसाहतीत मी वाढले, तिथल्या विहारात हे अजून तसंच चालतं. पायऱ्यांवर चपलांचा ढीग, कठड्याला टांगलेल्या ठिबकत्या छत्र्या, सतरंजीवर ओल्या पावलांचे ठसे, माइकची शिट्टी. मागच्या रांगेत डुलक्या घेणाऱ्या बायका असतात. कुणी दाद म्हणून 'साधू, साधू, साधू' म्हटलं की त्या दचकून जाग्या होतात आणि सगळ्यांत मोठ्याने साधू म्हणतात. माझी आई त्यातलीच.

त्या विहाराच्या वरच्या खोलीत मुलांसाठी अभ्यासिका होती. तिथे तीन महिने इंग्रजी शिकवायला एक परदेशी स्वयंसेविका येणार असं ठरलं, तेव्हा वसाहतीत लग्नघराची गडबड उडाली. पण पाठवणाऱ्या संस्थेची एक अट होती. राहायला स्वतंत्र खोली हवी आणि कमोड हवा. वसाहतीत एकेका खोलीत पाच-सहा माणसं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. माझे बाबा म्हणाले, "आपल्या वंदीकडे आहे की."

माझ्याकडे होती. वर्षभरापूर्वीच आम्ही माजिवड्याला टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर राहायला आलेलो. मी, माझा नवरा अनिल आणि नऊ वर्षांची तन्वी. खिडकीतून खाली उड्डाणपूल दिसायचा आणि लांब, ढगांत अर्धा बुडालेला येऊरचा डोंगर.

आता दुसरी गोष्ट सांगायला हवी. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. टॉवरमध्ये आम्ही बौद्ध आहोत हे कुणाला माहीत नव्हतं. म्हणजे तसं मी समजत होते. खोटं आम्ही कधी बोललो नाही. आमचं आडनाव असं आहे की ते कुठेही खपतं. मुलीचं नावही तसंच शोधलेलं. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती होती, पण ती हल्ली सगळ्यांच्याच हॉलमध्ये असते, फुलदाणीशेजारी. बाबासाहेबांचा फोटो मात्र आतल्या खोलीत होता. सोसायटीच्या गणपतीत मी आरतीला उभी राहायचे, टाळ्या वाजवायचे, ओठ हलवायचे. श्रावणात कुणी हळदीकुंकवाला बोलावलं की जायचे. कुणी कधी जबरदस्ती केली नाही. कुणी काही विचारलंही नाही. मीच आधीपासून उत्तर देत सुटले होते.

ती आतली खोली आम्ही हानाला दिली.

चेक प्रजासत्ताकातली, बावीस वर्षांची, उंच. दारातून आत येताना सवयीने मान वाकवायची. पहिल्याच आठवड्यात तिने फोटोकडे बोट दाखवून विचारलं, "हे अभ्यासिकेतही आहेत, तुमच्या आईच्या घरीही आहेत. तिथे समोर असतात. इथे माझ्या खोलीत का?" आम्ही इंग्रजीतच बोलायचो, मोडक्यातोडक्या. मी म्हटलं, हॉलमध्ये जागा नाही. तिने हॉलकडे एकदा पाहिलं. आमच्या हॉलमध्ये तेव्हा सोफा सोडून काही नव्हतं.

तिला आमच्या दिवसांची सवय होताना बघणं हा त्या पावसाळ्यातला आनंद होता, हे मी आज कबूल करते. माजिवड्याच्या सिग्नलला ती पहिले दोन दिवस पाव-पाव तास उभी राहायची. तिसऱ्या दिवशी एका कोळीण मावशीने टोपलीसकट तिचा हात धरला आणि रस्ता पार केला. चौथ्या दिवशी हाना स्वतःच रिक्षांना हात दाखवत मधून चालत सुटली. तिचे कपडे वाळायचे नाहीत. बुटांवर पांढरी बुरशी आली तर तिने ती तन्वीला भिंगातून दाखवली, आणि दोघींनी त्या बुरशीचं बारसं केलं. कधी बाल्कनीत उभी राहून आईशी फोनवर बोलताना तिचे डोळे भरायचे. मग ती बेसिनवर तोंड धुवायची, स्वयंपाकघरात यायची आणि म्हणायची, "काम द्या." आम्ही काम द्यायचो नाही. पाहुणीला कोण काम देतं? याचाच तिला सगळ्यांत जास्त त्रास व्हायचा. शेवटी तिने भांडी घासायला सुरुवात केली आणि मी हात धरला तर पाणी उडवलं माझ्यावर.

वर्तकनगरला तर तिची वाटणी झालेली. आज या घरी जेवण, उद्या त्या घरी. पहिल्याच आठवड्यात ती तेवढं मराठी शिकली. आई विचारायची, "हाना, जेवलीस का गं?"

"जेवले."

"काय जेवलीस?"

"भात."

"नुसता भात? ही वंदी उपाशी मारते काय तुला? बस खाली."

की बसली सुकट-भाकरीवर. दोन भाकऱ्या खायची. आई मला फोन करून सांगायची, "तुझ्यापेक्षा बरी जेवते. तुझं मेलं ते डाएट."

अभ्यासिकेत मुलं तिला सोडायची नाहीत. "ओ टीचर, स्पेलिंग राहू द्या ना, तुमच्या गावची गोष्ट सांगा." मग ती बर्फाची गोष्ट सांगायची, आणि पत्र्यावर पाऊस एवढा वाजायचा की बर्फ ओरडून सांगावा लागायचा. आश्विन पौर्णिमेला मुलांचं इंग्रजी नाटुकलं करायचं असं तिने ठरवलं. सोळा मुलं, आणि सगळ्यांना एकेक तरी वाक्य.

तिच्याकडे एक वही होती. रोजचे नवे शब्द ती त्यात लिहायची. वहीतला पहिला शब्द माझ्या बाबांनी दिलेला. पहिल्या दिवशी दारात उभं राहून त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "जयभीम, पोरी." तिने विचारलं, हे काय? बाबा म्हणाले, "माणूस भेटला की म्हणायचं." खरंच होतं ते. त्या वसाहतीत दुसरं कुणी काही म्हणतच नाही. नाक्यावरचा रिक्षावाला, अभ्यासिकेतली मुलं, आईच्या मैत्रिणी, सगळे तेच. हानाला वाटलं, मराठीत भेटल्यावर हेच म्हणतात. आणि असं वाटण्यात चूक काय होती?

तिसऱ्या आठवड्यातला शनिवार. मी, हाना आणि तन्वी भाजी घेऊन आलो. लिफ्टमध्ये समोरच्या फ्लॅटमधल्या सीमावहिनी होत्या, सोबत त्यांची नणंद. हानाने पिशवी कोपरात अडकवली, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "जयभीम, वहिनी!"

दार बंद झालं. लाल आकडे बदलत होते.

"अगंबाई!" सीमावहिनी हसल्या. "हे कुणी शिकवलं हिला?"

मी लगेच हसले. इतकी लगेच, जणू वर्षभर त्याच प्रश्नाची वाट बघत होते. म्हटलं, "अहो, ती त्या वर्तकनगरच्या वस्तीत शिकवायला जाते ना. तिकडे ऐकलं असेल."

त्या वस्तीत. तिकडे.

तन्वीच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. तिकडे तिचे आजी-आजोबा राहत होते. दोनच दिवसांपूर्वी ती तिथे आजीच्या मांडीवर झोपून गेली होती. कुठे काय बोलायचं नाही हे नऊ वर्षांच्या मुलीला कळत होतं, आणि ते तिला शाळेने शिकवलं नव्हतं.

घरी आल्यावर मी हानाला म्हटलं, तो शब्द इथे नको म्हणूस.

"चुकीचा आहे?"

"नाही."

"वाईट आहे?"

"नाही गं."

"मग?"

"इथे नमस्ते म्हणतात."

तिने वही काढली. पानावर मधोमध एक रेघ मारली. एका बाजूला वर्तकनगर, खाली जयभीम. दुसऱ्या बाजूला माजिवडा, खाली नमस्ते. आणि पेन्सिल त्या रेघेवर ठेवून तिने विचारलं, "वंदनाताई, तुम्ही कुठे?"

मी म्हटलं, "चहा ठेवते."

पुढचे दिवस मला ती घरात सलायला लागली. तिने काही केलं नव्हतं. ती प्रामाणिकपणे रेघ सांभाळत होती, दोनदा विसरली तेवढंच. पण लिफ्टची घंटा वाजली की मी तिच्याआधी दाराशी जायचे. एका रविवारी खालून वॉचमनचा फोन आला. "मॅडम, वर्तकनगरहून पंधरा-वीस पोरं आलीत. हानाटीचरचा बड्डे आहे म्हणतात. वर सोडू?" मी म्हटलं, ती झोपलीय, नंतर या. हाना आत तन्वीच्या वहीला कव्हर घालत होती. मी खिडकीतून खाली पाहिलं नाही. मुलांनी केलेलं कार्ड संध्याकाळी वॉचमनने आणून दिलं, पावसाने शाई पसरलेलं, आणि टीचर झोपल्या होत्या म्हणून पोरं परत गेली, असं तिलाच सांगितलं. हाना म्हणाली, "मला उठवायचं ना." 'मी झोपले नव्हते' असं ती म्हणाली नाही. त्या फरकाचा मी अजून विचार करते.

आता फॉर्म.

संस्थेकडून दर महिन्याला यजमानांना एक फॉर्म यायचा. त्यात एक प्रश्न होता: स्वयंसेविका दैनंदिन जीवनाशी जुळवून घेत आहे का? खाली अभिप्रायासाठी चार ओळी. मी वागळे इस्टेटमध्ये विमा कंपनीच्या ऑफिसात क्लेम तपासते. उभं आयुष्य फॉर्म वाचण्यात गेलंय. कुठल्या शब्दाने कागद हलतो आणि कुठल्याने पडून राहतो, हे मला झोपेतही सांगता येईल. 'त्रास होतो' असं लिहिलेला कागद वर्षभर कुणी उचलत नाही. 'आरोग्यास धोका संभवतो' लिहिलं की उचलावाच लागतो, कारण उद्या काही झालं तर उचलला नाही म्हणून नोकरी जाते. डबा खाऊन झाल्यावर, टेबल पुसून, समोरच्या वर्कशॉपच्या पत्र्यांवरचा पाऊस बघत, मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: हवामान, आहार व स्थानिक राहणीमानाशी जुळवून घेता येत नाही. आरोग्यास धोका संभवतो. निवासाचे ठिकाण बदलावे.

आदल्याच दिवशी तिने आईकडे तिसरी भाकरी मागून घेतली होती.

अनिलने फॉर्म पाहिला. "खरंच त्रास होतो तिला?"

"दिवसभर बाहेर असतोस, तुला काय कळणार?" मी म्हटलं. पुढे तो बोलला नाही. आमच्या घरात असं न बोलणं पुष्कळ आहे.

नवव्या दिवशी पत्र आलं. हानाला डोंबिवलीच्या एका वसतिगृहात हलवलं, आणि काम दिलं ऑफिसातल्या टायपिंगचं. आई म्हणाली, "डोंबिवली काय परदेशात आहे? येत जाईल पोर." आलीही दोनदा, बस बदलत, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन, नाटुकल्याच्या तालमीसाठी. मग तिला ताप आला, खरोखरचा. भाद्रपद सरता सरता ती मायदेशी परत गेली. आश्विन पौर्णिमेला नाटुकलं झालं नाही. सोळा मुलांची सोळा वाक्यं पाठ होती. संस्थेने त्या जागेवर 'अनुकूल नाही' असा शेरा मारला आणि पुन्हा कुणाला पाठवलं नाही. एवढं होईल असं मला वाटलं नव्हतं, हे खरं. पण काय होईल याचा विचार न करता लिहिलं होतं, हेही तितकंच खरं.

वसाहतीत ठरून गेलं की पोरगी नाजूक होती. बाबा म्हणायचे, "बाहेरच्या माणसाला नाही झेपत आपलं. चालायचंच." ते गेले तेव्हाही त्यांचा तोच समज होता. मी शेजारी बसून मान हलवायचे.

यंदा तन्वी स्वतः स्वयंसेविका म्हणून पोर्तुगालला गेली आहे. तेवीस वर्षांची झाली. एका लहान गावात, म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात तीन महिने. तेरेझा नावाच्या बाईंच्या घरी राहते. व्हिडिओ कॉल करते तेव्हा तिच्या मागे कोरडं ऊन असतं आणि माझ्या मागे गळणारी बाल्कनी. दोन्ही गालांवर मुके घ्यायची तिला अजून सवय झालेली नाही, कुठला गाल आधी ते चुकतं आणि नाकावर नाक आपटतं. तिथला कडक पाव खाऊन तोंड सोललंय. आजोबा लोक तिला दिवसातून चारदा नाव विचारतात.

वर्षावास सुरू झाला त्या आठवड्यात तिचा फोन आला. आवाज बारीक.

"आई, तेरेझाने विचारलं, तुमच्यात भेटल्यावर काय म्हणतात. मी नमस्ते म्हटलं. मग उगाच बाथरूममध्ये जाऊन बसले."

पावसाचा आवाज येऊ नये म्हणून मी बाल्कनीचं दार लावून घेतलं.

"मला पण नाही जमणार बहुतेक. तीन आठवडे झाले, त्यांना वाटतं मी कुणाशी बोलतच नाही. हानासारखं होणार माझं. तिलापण आपल्याकडे नव्हतं जमलं ना?"

चौदा वर्षं हे वाक्य मी इतरांच्या तोंडून ऐकलं आणि मान हलवली. माझ्या मुलीने ते स्वतःला मोजायला हातात घेतलेलं पाहिलं आणि माझ्याकडून मान हलली नाही.

"हानाला जमलं होतं," मी म्हटलं. आणि मग सगळं सांगितलं. लिफ्ट, मुलं, फॉर्म. शब्दन् शब्द सांगितला, त्यातला 'संभवतो'सुद्धा.



"लिफ्टमधलं मला आठवतंय," ती म्हणाली. "फॉर्मचं माहीत नव्हतं."

"रागावलीस?"

"मला कशाला सांगतेस पण? मी तर तिथेच होते. समोरच्या दारात जा ना. तिथून सुरू कर."

सीमावहिनींचे आता गुडघे गेलेत. त्या खुर्चीत बसून मेथी निवडत होत्या. मी समोर बसले, एक जुडी ओढून घेतली आणि मान वर न करता सांगितलं, आम्ही कोण ते.

"माहितीये गं मला," त्या म्हणाल्या. "तुम्ही राहायला आलात त्याच वर्षी कळलं. तू ऑफिसला होतीस आणि तुझे बाबा आलेले. कुलूप बघून माझ्याकडे बसले, चहा घेतला. मी विचारलं कुठून आलात, तर सगळं सांगितलं त्यांनी. विहाराचं, अभ्यासिकेचं. किती अभिमानाने! झाकायचं असतं हे त्यांना कुठे ठाऊक?"

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली.

"मग लिफ्टमध्ये विचारलंत ते?"

"तोंडातून गेलं माझ्या. नणंद होती ना सोबत. आणि तू एकदम 'त्या वस्तीत' म्हणालीस. म्हटलं, हिलाच नको असेल तर आपण कशाला? आम्हाला तसं कधी काही वाटलं नाही हं." हे शेवटचं वाक्य त्या त्या दुपारी तीनदा म्हणाल्या. मी तीनदा 'हो' म्हटलं. काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला, त्यांचे हात चालू होते. मग त्या थांबल्या.

"ती पोरगी मायदेशी जायच्या आदल्या दिवशी आलेली माझ्याकडे. तुला नाही बोलली? विचारत होती, वहिनी, माझं काय चुकलं? मी कुणाला वाईट बोलले का? रडत होती गं."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? तुझं तू झाकलेलं, मी कसं उघडू? म्हटलं, तुला इथलं पाणी बाधलं, बाई."

राग कुणावर करायचा होता मला? त्यांनी माझी मर्जी सांभाळली होती. मी जे लिहून दिलं तेच त्यांनी तोंडी सांगितलं, आणि हाना तेवढं ऐकून विमानात बसली. मी ज्यांच्यापासून लपत होते त्यांना सगळं माहीत होतं. काहीच माहीत नव्हतं ते एकट्या तिला.

तन्वीने तिला दहा मिनिटांत शोधून काढलं. मला चौदा वर्षं सापडली नव्हती. शोधायचं म्हणून मी कधी बोटही हलवलं नव्हतं, हे सांगायला नकोच. फोटोत केस आखूड आहेत, दोन मुलं आहेत, शाळेत शिकवते. मी बसून पत्र लिहिलं. मराठीतच लिहिलं, इंग्रजीत मला खरं बोलायला जमत नाही. बरीच पानं झाली. त्यात भाड्याच्या घरासाठी आम्ही लग्नानंतर किती दारं पाहिली ते होतं, शाळेत माझ्या डब्याकडे बघून कोण काय म्हणालं ते होतं, नवी जागा हातची जाईल याची भीती होती. सगळं खरं. तन्वीला पाठवलं आणि म्हटलं, इंग्रजी करून दे.

दुसऱ्या दिवशी तन्वीचं उत्तर आलं. तिने दोनच ओळींचं इंग्रजी केलं होतं. हाना, तुझं काहीच चुकलं नव्हतं. फॉर्मवर मी खोटं लिहिलं.

खाली तिने लिहिलं होतं, "बाकीचं तिने का वाचायचं, आई? ते वाचून तिला तुझी दया येईल. मग माफ तर तिला करावंच लागेल."

मी त्या दोन ओळी पाठवल्या.